गल्लीखालची रहाड

जुन्या नाशकात असा एकही जिना नाही ज्याचा कठडा आमच्या साडूंनी हलवून पाहिलेला नाही, असा एकही ओटा नाही ज्याची लांबी त्यांनी टेप लावून घेतलेली नाही, आणि अशी एकही तिरकी भिंत नाही जिच्या मालकाला त्यांनी "घाबरू नका, सेट झालीय" असा धीर दिलेला नाही, मग मालक घाबरलेला असो वा नसो. साडू म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचे यजमान. हे नातं लग्नात बायकोबरोबर आपोआप येतं आणि पुढे आयुष्यभर बदलून मिळत नाही. माझ्या वाट्याला आले ते अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची, मोजायची आणि "ओके" किंवा "रिजेक्ट" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली. घरी आल्यावर त्यांनी ती पलंगावर पसरून मोजली आणि दीड इंच कमी भरली म्हणून रात्री जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं, असं ताई, म्हणजे माझी ही मेव्हणी, अजून सांगतात. कारखाना सुटला, पण हाताची सवय सुटेना. आठवडाभरात घरातलं सगळं मोजून झालं. पोळ्यांनाही टेप लागला म्हणून ताईंनी तंबी दिली, तेव्हा ते टेप घेऊन घराबाहेर पडले आणि थेट जुन्या नाशकात शिरले.

गंमत अशी, की साडूंचा जुन्या नाशकाशी काडीचा संबंध नाही. मूळ गाव सायखेडा आणि राहायला अंबडपलीकडे एका कॉलनीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्या कॉलनीबद्दल त्यांची तक्रार एकच: "साडूभाऊ, आमच्याकडं मोजायला काय नाय. एक बिल्डिंग मोजली की अख्खी कॉलनी झाली." जुन्या गावात मात्र शेजारशेजारच्या दोन खिडक्यांची उंची जुळत नाही, एका घराचा जिना दुसऱ्याच्या भिंतीतून जातो, तुळईखाली कोरलेल्या पोपटांच्या जोडीतला एक पोपट दुसऱ्यापेक्षा लठ्ठ असतो. तीस वर्षं शंभरातला शंभरावा जॉब, म्हणजे तयार होऊन आलेला भाग, पहिल्यासारखा आला पाहिजे म्हणून झगडलेल्या माणसाला हे सगळं पाहून संताप यायला हवा होता. साडूंना भरून आलं. दर रविवारी सकाळी ते स्कूटर घेऊन माझ्या दाराशी हजर. रविवार कारंजाजवळ स्कूटर लावायची आणि भांडी बाजार, सराफ बाजार करत पायी नदीकडे उतरायचं. याला ते "राउंड" म्हणतात. मी सोबत असायचो, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

गाव गोदावरीकडे उतरतं हे सगळ्यांना माहीत आहे. साडूंना ते किती उतरतं हे माहीत करून घ्यायचं होतं. त्यासाठी एका रविवारी त्यांनी खिशातून बेअरिंगची पोलादी गोळी काढली आणि घाटाकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी सोडून दिली. गोळी निघाली. एका गायीच्या पोटाखालून गेली, फुलवालीच्या टोपलीला वळसा घालून गेली, दोन पायऱ्या टुणटुण उतरली आणि खाली यजमानाला संकल्प सांगत बसलेल्या एका गुरुजींच्या तांब्यावर टण्णकन आदळली. मंत्र थांबला. मागोमाग धापा टाकत आम्ही दोघे. साडूंनी हात जोडून सांगितलं, "माफ करा गुरुजी, उतार तपासत होतो." गुरुजींनी गोळी उचलली, निरखली आणि शांतपणे विचारलं, "मग, कसा आहे?" साडू म्हणाले, "लय भारी हाय." गुरुजींनी समाधानाने मान डोलावली, जणू हा उतार त्यांच्याच घराण्याने घालून दिला होता, आणि मंत्र जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला.

सगळेच गुरुजींसारखे नव्हते. भांडी बाजारापासून दोन वळणांवर एक गल्ली आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण शेजारच्या गल्लीत माझं चहापाणी आहे आणि दोन्ही गल्ल्यांचं जमत नाही. या गल्लीत तांब्या-पितळेचं एक जुनं दुकान आहे, अजून लाकडी फळ्यांनी बंद होणारं. फळ्या क्रमाने लागाव्यात म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला. साडूंनी पहिल्याच भेटीत पाहिलं की चारनंतर एकदम सहा येते आणि मधे पत्र्याचा तुकडा ठोकलाय. त्यांनी दुकानाच्या शेठना विचारलं, "पाचवी फळी कुठंय?" शेठ म्हणाले, तिचं कपाट केलं. पुढच्या रविवारी साडूंनी पुन्हा विचारलं, पाचवी कशी आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही. असे अडीच महिने गेले. एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी ही विचारपूस ऐकून गिऱ्हाइकंही विचारू लागली, तेव्हा शेठनी वैतागून कपाट मोडलं आणि फळी जागेवर बसवली. पण त्यांनी साडूंना मनातून माफ केलं नाही. साडू गल्लीत दिसले की शेठ मोठ्याने म्हणायचे, "आले अंबडवाले. काकू, आपल्या कमरेचं माप लपवा." शेठच्या काकू वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं वय त्या सांगत नाहीत आणि विचारायची कुणाची छाती नाही. साडूंनी एकदा भीतभीत या गल्लीबद्दल काही सुचवलं, तर शेठ म्हणाले, "तुमचं नाशिक रिक्षा स्टॉपपासून सुरू होतं हो. हे घाटाचं नाशिक आहे. तुम्ही आपलं बघा आणि जा."

साडू हसले. पण त्या दिवशी परत येताना स्कूटरवर त्यांनी मला सांगितलं, की तीस-बत्तीस वर्षांपूर्वी सायखेड्याहून नोकरीला आले तेव्हा खोली शोधत ते याच गल्लीत आले होते. वरच्या गॅलरीत कुणीतरी पितळी हंडा घासत होतं, त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचत होता, आणि त्यांना वाटलं होतं राहावं तर इथं. अनोळखी माणसाला आम्ही खोली देत नाही, असं उत्तर मिळालं. मग ते अंबडला गेले. "त्यांचं बरोबर होतं," साडू म्हणाले, "मला तरी कोण वळखत होतं." हे त्यांनी गिअर बदलता बदलता, सहज सांगितलं.

आता त्यांनी गल्लीबद्दल सुचवलं होतं ते काय, हे सांगण्यासाठी रहाड म्हणजे काय ते सांगायला हवं. नाशिककर रंग खेळतो तो रंगपंचमीला. त्यासाठी जुन्या गावात काही चौकांमध्ये जमिनीखाली दगडात बांधलेले मोठे चौकोनी हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. रंगपंचमीला रहाड उघडायची, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरायची, पूजा करायची, आणि मग माणसांनी वरून धाडकन उड्या टाकायच्या. या उडीला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि पूजेचा मान ठरलेल्या घराचा. सण झाला की वर लाकडाचे जाड ओंडके टाकायचे, माती लोटायची, आणि वर्षभर त्यावरून रिक्षा जातात, हातगाड्या जातात, घोड्यावर बसून नवरदेव जातात. त्यातल्या काही रहाडी कधीतरी बंद झाल्या त्या झाल्याच. शेठच्या गल्लीतही एक होती, असं सगळे म्हणत. मान शेठच्या घराण्याचा. रहाड दिसत नसली तरी शेठ दर रंगपंचमीला दुकानाच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या दगडाला हळदकुंकू वाहून नारळ फोडत. त्यांच्या आजोबांनीही तिथेच फोडला होता. साडूंचं म्हणणं एवढंच होतं, की नारळ फोडताय तर एकदा खणूनही बघा.

ती वेळ अचानक आली. रंगपंचमीला तीन आठवडे राहिले असताना गल्लीत काँक्रीटच्या रस्त्याचं काम निघालं. जुना रस्ता उखडला, आणि मंगळवारी सकाळी काँक्रीट पडणार असं ठरलं. एकदा ते पडलं की खाली रहाड असो की सोन्याची खाण, पुढच्या तीन पिढ्या तिला कुणी हात लावणार नव्हतं. साडू रोज अंबडहून येऊ लागले. कामावरच्या इंजिनिअर मूळच्या निफाडच्या, तिशीतल्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि बोलण्यात धार. साडूंनी त्यांना इतक्या वेळा गाठलं की शेवटी त्या म्हणाल्या, "काका, रविवारचा दिवस तुमचा. जागा दाखवा, माणसं मी देते. सापडलं नाही तर मंगळवारी मला अडवायचं नाही." जागेबद्दल प्रश्नच नव्हता. शेठनी छाती पुढे काढून दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथे."

रविवारी सगळी गल्ली जमली. शेठनी नारळ फोडला, मजुरांनी पहारी मारल्या, आणि चौथ्या फुटाला जे सापडलं ती पाण्याची पाइपलाइन होती. ती सापडली हे आम्हाला ती फुटल्यावर कळलं. कारंजं दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. शेठ, नारळ, हळदकुंकू सगळं वाहून गेलं, आणि गल्लीला सोमवारपर्यंत पाणी नव्हतं. खड्ड्याच्या बाजूंना नुसता मुरूम. ना दगड, ना लाकूड. शेठ ओल्या धोतराने उभे राहून म्हणाले, की रहाड वगैरे सगळ्या ऐकीव गोष्टी, आणि बाहेरच्या माणसाचं ऐकून गल्लीने आज आपलं हसं करून घेतलं. बायका रिकाम्या कळशा वाजवून साडूंकडे बघत होत्या. साडू समोरच्या ओट्यावर बसून राहिले. टेप खिशातच होता. मी त्यांना पहिल्यांदाच एखाद्या ओट्यावर न मोजता बसलेलं पाहिलं. मग ते म्हणाले, "तीस वर्षं नव्या माणसांना शिकवलं, की ड्रॉइंगवर जाऊ नका, जॉब बघा. आणि मी दगडावर गेलो. गल्ली बघितलीच नाय."

सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पुढचा तासभर गल्ली बघितली. मीही बघितली, पण मला नेहमीचीच दिसली: दोन्ही बाजूंनी एकमेकांना खेटून उभी घरं, खाली दुकानं, वर लाकडी गॅलऱ्या, मधून एक रिक्षा आणि एक शिवी जाईल एवढी वाट. मग साडूंनी मला दुकानाच्या पुढे पंचवीस पावलांवर नेलं आणि विचारलं, इथे घरं किती मागे सरकलीत. खरंच, समोरासमोरची चार घरं दोन-दोन हात मागे होती. इतक्या वर्षांत मला वाटायचं, मोकळं वाटतंय म्हणजे वारा असेल. "आता वर बघा. बाकी गल्लीत गॅलरी एक माणूस कपडे वाळत घालील एवढी. हितंच तीन हात रुंद. कशाला? खाली बघायला. आता दारं बघा." मी दारं बघितली आणि मला ती दिसली नाहीत. चारही घरांना गल्लीकडे खिडक्या होत्या, गॅलऱ्या होत्या, पण दार एकालाही नाही. दारं बाजूच्या बोळांत होती. साडूंनी खिडकीखालची भिंत थोपटली. "दार दिलं की पायरी आली. पायरी बसवणार कशावर, साडूभाऊ? खाली पोकळ हाय. गवंड्यानं चारी घरांवर लिहून ठेवलंय आणि आपण दगड वाचत बसलो."

त्यांनी खडूने उखडलेल्या रस्त्यावर चौकोन आखला आणि इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, रविवार संपला काका. साडूंनी त्यांना काही न बोलता एकेका घरासमोर उभं केलं. तिसऱ्या घराशी त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं आणि मजुरांना हाक मारली. शेठ दुकानातूनच म्हणाले, की आता कुणाच्या घरचं पाणी घालवताय. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, की खणा हो, तिथेच आहे ती. शेठ रस्त्यावर आले. "काकू, मग दगड इकडे कसा?"

"गाड्यांना लागायचा म्हणून माझ्या सासऱ्यांनी उचलून कोपऱ्यात नेला. मी तेव्हा नवी नवरी होते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही पुरुष इतक्या थाटात नारळ फोडत होतात," काकू म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

तीन फुटांवर पहारीचा आवाज बदलला. मातीत ठप्प व्हायचा तो एकदम ढम्म झाला, दूर कुठेतरी दार वाजवल्यासारखा. मजूर थांबले, गल्ली थांबली, एक रिक्षावाला हॉर्न दाबलेला हात वर घेऊन थांबला. साडू पांढऱ्या शर्टानिशी सरळ मातीत पालथे झाले आणि त्यांनी कान लावला. मग माती हाताने बाजूला होऊ लागली. आधी सागाचा काळा ओंडका, मग दुसरा, मग घडीव दगडाची कड, दोरी लावल्यासारखी सरळ, खडूच्या रेघेपासून चार बोटं आत. ओंडके सरकवल्यावर खालून थंड, कोंदट हवा वर आली आणि दगडी भिंती उन्हाला बघून जणू डोळे चोळू लागल्या. इंजिनिअर बाईंनी फोन काढला आणि वरच्या साहेबांना सांगितलं, मंगळवारची काँक्रीटची गाडी रद्द करा, नकाशा बदलावा लागेल. साडूंनी टेप लावला. चोवीस फूट बाय बारा फूट, एका कोपऱ्यात दोन बोटं फरक. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "ओके." टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, सराफ बाजारातून माणसं पळत आली, आणि शेठ पाच मिनिटं पाठमोरे उभे राहून डोळ्यांत गेलेली धूळ पुसत होते.

रंग कोणता यावर तीन दिवस वाद झाला; काकूंना विचारायचं याही वेळी कुणाला सुचलं नाही. शेवटी साडूंनी तळाशी दोन दगडांच्या सांध्यात नख घालून बघितलं, तर केशरी निघाला. पेठकडच्या डोंगरातून पळसाची फुलं आली, शेठच्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कढया रस्त्यावर आल्या, आणि रंगपंचमीला ती गल्ली अशी भरली की शेजारच्या गल्लीतले आपली रहाड सोडून बघायला आले. पूजा झाली. पहिला धप्पा मानकऱ्याचा, म्हणजे शेठचा. शेठ काठावर गेले, थांबले, मागे वळून गर्दीत साडूंना शोधलं आणि त्यांचा दंड धरला. "चला. आधी तुम्ही."

साडूंनी पाय रोवले. "मला पोहता येत नाय."

"सायखेडा नदीकाठी ना?"

"म्हणून तर आईनं कधी पाण्यात जाऊ दिलं नाय."

"मलाही येत नाही," शेठ हळूच म्हणाले. "पाणी छातीपर्यंतच आहे, तुम्हीच मोजलंय. का मापावर विश्वास नाही?"

साडूंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. दोघांनी हात धरले. दोघांचं मिळून वजन मी इथे लिहीत नाही, कारण ताई हे वाचणार आहेत. ते हवेत गेले आणि असा धप्पा बसला की केशरी पाण्याची भिंत चारही बाजूंनी उठली, काठ ओलांडून खिडक्यांवर गेली आणि वरच्या तीन हात रुंद गॅलऱ्यांत ओळीने बसलेल्या बायकांना नखशिखान्त रंगवून परतली. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या तोंड पुसून म्हणाल्या, की माझ्या लग्नाच्या वर्षी एवढं वर आलं नव्हतं. खाली साडू पाण्यातून वर आले. मिशा केशरी, चष्मा गेलेला, टेप गेलेला, आणि तोंडावर असं हसू की इतक्या वर्षांचा ओळखीचा त्यांचा चेहरा मी विसरलो. शेठ गल्लीला ओरडून सांगत होते, हे आमचे अंबडवाले. त्यातल्या 'आमचे'वर त्यांनी इतका जोर दिला की त्यांना ठसका लागला. साडू पुढे महिनाभर केशरीच होते. ताईंनी चार साबण बदलले आणि नाद सोडला.

सणानंतर रहाड बंद केली. नवे ओंडके टाकले, माती लोटली, आणि वर उचलून काढता येतील अशा फरश्या बसवल्या. बाकी गल्लीत काँक्रीट पडलं. शेठ म्हणाले, खुणेचा दगड आता योग्य जागी पक्का बसवू. साडूंनी मान हलवली. "दगड नको. दगड कुणीबी उचलतो. दरवर्षी एका नव्या माणसाला हितं उभं करून दाखवायचं, तेवढं बास."

आज तुम्ही त्या गल्लीतून गेलात तर तुम्हाला काही दिसणार नाही. रिक्षा जातात, हातगाड्या जातात. रविवारी साडू मात्र तिथे असतात. गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून राउंड एवढ्यावरच येऊन थांबलाय. शेठ त्यांच्यासाठी दुकानाबाहेर खुर्ची टाकतात. भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या बाई, पत्ता शोधणारा कुरिअरवाला, कुणालाही ते हात करून थांबवतात, फरशीवर उभं करतात आणि वरच्या गॅलऱ्या, न दिलेली दारं, खालची पोकळी सगळं दाखवतात. माणसं बरं बरं म्हणतात, खाली एकदा बघतात आणि पुढे जातात. त्यातल्या कितींच्या लक्षात राहील, कोण जाणे. पहिल्या वर्षी त्यांनी मला उभं केलं होतं. खांद्याला धरून, अर्धं पाऊल डावीकडे सरकवून, "आता बरोबर," म्हणाले होते. तेव्हापासून रंगपंचमीला मी गाव सोडत नाही. मुलगी पुण्याहून दरवर्षी बोलावते, बाबा या की सुट्टीला, आणि मी काहीतरी कारण सांगून टाळतो. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही. त्यासाठी तिलाच एकदा इथे आणून, खांद्याला धरून, त्या जागी उभं करावं लागेल.